ताण, संप्रेरके आणि चित्तविकृती

बारावीच्या परीक्षेला दीड-दोन महिने उरलेले असतात. वर्गातील एक शांत, अभ्यासू मुलगा हळूहळू शाळेत येईनासा होतो. तो रात्ररात्र जागतो, जेवणाच्या ताटावरून उठून जातो, स्वतःशीच पुटपुटतो. शेजारी आपल्याविषयी कट रचीत आहेत, असे एके दिवशी तो आईला सांगतो. घरातील माणसे घाबरून जातात. अभ्यासाच्या अतिताणाने मुलाच्या डोक्यावर परिणाम झाला, असे कोणी म्हणतो. ही बाहेरची बाधा आहे, असे दुसरा सुचवितो. बापाने मुलाला फार धाकात ठेवले, असा ठपका तिसरा ठेवतो. या वादात आठवडे जातात, महिने जातात, आणि उपचार मात्र लांबणीवर पडतो.

असे प्रसंग आपल्या खेड्यापाड्यांतून आणि शहरांतूनही घडत असतात. शिक्षक, ग्रामसेवक, सरपंच, पोलीस पाटील यांच्याकडे लोक अशा वेळी सल्ल्यासाठी येतात. म्हणूनच ताणामुळे माणसाला वेड लागते काय, या प्रश्नाचे शास्त्रीय उत्तर या मंडळींना ठाऊक असणे अगत्याचे आहे. गेल्या शंभर वर्षांत शरीरशास्त्रज्ञ व मनोविकारतज्ज्ञ यांनी या प्रश्नाचा जो मागोवा घेतला, त्याचा परिचय करून देणे हा या लेखाचा हेतू आहे.

ताणाची शरीरातील वाट

शेतात काम करताना अचानक पायाशी साप दिसला, तर विचार करण्यापूर्वीच माणूस उडी मारून मागे सरतो. छाती धडधडते, तोंडाला कोरड पडते, स्नायू ताठ होतात. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी या प्रतिक्रियेचा अभ्यास केला. लढण्यासाठी किंवा पळण्यासाठी शरीर स्वतःला सज्ज करते, असे त्यांनी दाखविले. ही सज्जता घडवून आणणारे प्रमुख संप्रेरक म्हणजे ॲड्रेनलीन. दोन्ही मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींच्या गाभ्यातून ते रक्तात सोडले जाते. त्याचा प्रभाव काही मिनिटांत ओसरतो.

संकट लांबले म्हणजे दुसरी, अधिक संथ यंत्रणा कामाला लागते. माँट्रियल येथे संशोधन करणारे हान्स सेली यांनी १९३६ साली आपले निरीक्षण प्रसिद्ध केले. थंडी, जखम, विषारी द्रव्य, अतिश्रम अशा अगदी भिन्न आघातांनंतरही उंदरांच्या शरीरात सारखेच बदल होतात, असे त्यांना आढळून आले होते. अधिवृक्क ग्रंथी मोठ्या होत, रोगप्रतिकाराशी संबंधित इंद्रिये आकसत आणि जठरात व्रण पडत. प्रथम धोक्याचा इशारा, मग प्रतिकार आणि अखेरीस शक्तिपात, अशा तीन अवस्था सेली यांनी सांगितल्या. आज आपण ज्या अर्थाने ‘ताण’ हा शब्द वापरतो, तो अर्थ रूढ करण्यात त्यांचा वाटा मोठा आहे.

या दुसऱ्या यंत्रणेचा क्रम असा आहे. मेंदूच्या तळाशी असलेला अधोथॅलॅमस हा भाग पोष ग्रंथीला रासायनिक संदेश देतो; पोष ग्रंथी रक्तावाटे अधिवृक्क ग्रंथींना संदेश पाठविते; आणि या ग्रंथींच्या बाह्यकातून कॉर्टिसॉल हे संप्रेरक स्रवते. कॉर्टिसॉल रक्तातील साखर वाढविते, दाह आवरते आणि शरीराला तग धरण्यास बळ देते. ते शत्रू नव्हे. त्याच्यावाचून माणूस जगू शकत नाही. निरोगी माणसात त्याची पातळी सकाळी जाग आल्यानंतर सर्वांत जास्त आणि मध्यरात्रीच्या सुमारास सर्वांत कमी असते.

विहिरीवरील पंपाला टाकी भरताच तो आपोआप बंद करणारी सोय असावी, तशी सोय या यंत्रणेतही आहे. रक्तातील कॉर्टिसॉल पुरेसे झाले, की मेंदू ते ओळखतो आणि वरून जाणारा संदेश थांबवितो. ही ओळख पटविण्याच्या कामात मेंदूतील हिप्पोकॅम्पस या भागाचा वाटा महत्त्वाचा आहे. स्मृतीशी निकटचा संबंध असलेला हा भाग ताणाच्या संप्रेरकांना विशेष ग्रहणशील असल्याचे १९६८ साली ब्रूस मॅकएवन व त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांवरील प्रयोगांतून दाखविले. मूत्रपिंडावरील ग्रंथीत तयार होणारे द्रव्य विचार व स्मृती यांच्या केंद्रापर्यंत पोहोचते, ही गोष्ट त्यामुळे स्पष्ट झाली.

औषधाने दिलेली साक्ष

संप्रेरकांचा अतिरेक मनाचा तोल बिघडवू शकतो, याचा सर्वांत ठळक पुरावा रुग्णालयांतील औषधोपचारांतून मिळाला. सप्टेंबर १९४८ मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिक येथे फिलिप हेंच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संधिवाताने जखडलेल्या एका रुग्ण स्त्रीला कॉर्टिसोन टोचले. काही दिवसांतच ती चालू-फिरू लागली. या कार्याबद्दल हेंच, एडवर्ड केंडाल व टाडेउस राइखस्टाइन यांना १९५० सालचे नोबेल पारितोषिक मिळाले.

औषधाचा वापर वाढला तशी त्याची दुसरी बाजूही पुढे आली. काही रुग्ण अकारण हर्षभरित होत, त्यांना झोप येईनाशी होई. काही खिन्न होत. आणि काहींना चक्क भास होऊ लागत. पूर्वी कधीही मानसिक आजार न झालेल्या माणसांतही हे घडे. बॉस्टन येथील एका औषध-निरीक्षण प्रकल्पाने १९७२ साली याची आकडेवारी प्रसिद्ध केली. प्रेडनिसोन हे याच वर्गातील औषध दररोज ४० मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी घेणाऱ्यांपैकी १.३ टक्के रुग्णांत तीव्र मानसिक प्रतिक्रिया दिसली. ४१ ते ८० मिलिग्रॅम घेणाऱ्यांत हे प्रमाण ४.६ टक्के होते आणि ८० मिलिग्रॅमपेक्षा अधिक घेणाऱ्यांत १८.४ टक्के. मात्रा वाढते तसा धोका वाढतो आणि वैद्यकीय देखरेखीखाली मात्रा उतरविली की बहुतेक रुग्ण पूर्ववत होतात, असे अनुभवास आले आहे.

शरीर स्वतःच जादा कॉर्टिसॉल तयार करू लागले, तर काय होते याचे उदाहरण कुशिंग यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आजारात मिळते. अमेरिकी शल्यविशारद हार्वी कुशिंग यांनी १९३२ साली पोष ग्रंथीतील गाठीशी त्याचा संबंध जोडला. अशा रुग्णांत खिन्नता वारंवार आढळते. क्वचित भास व भ्रमही होतात. त्यांच्या मेंदूतील हिप्पोकॅम्पसचे आकारमान घटलेले असते आणि उपचारांनी कॉर्टिसॉल उतरल्यावर ते काही अंशी भरून येते, असेही दिसून आले आहे.

या पुराव्याचा अर्थ मात्र जपून लावला पाहिजे. प्रेडनिसोनची ८० मिलिग्रॅम मात्रा म्हणजे आपले शरीर दिवसभरात तयार करते त्याच्या दहापटींहून अधिक संप्रेरकाचा परिणाम होय. रोजच्या काळजीने कॉर्टिसॉल इतके कधीच चढत नाही. शिवाय एवढ्या मोठ्या मात्रेनंतरही दर पाच रुग्णांपैकी चौघांचे मन स्थिर राहिले, ही गोष्टही तितकीच बोलकी आहे. संप्रेरकाचा भार आणि तो सोसणारा मेंदू, या दोहोंचा विचार एकत्रच करावा लागतो.

चित्तविकृती म्हणजे काय

वास्तवाशी असलेला मनाचा धागा तुटणे, हे चित्तविकृतीचे मुख्य लक्षण होय. कोणी बोलत नसता आवाज ऐकू येणे, कोणी आपल्या वाईटावर आहे अशी अढळ समजूत होणे, बोलण्यातील संगती हरपणे, ही तिची चिन्हे आहेत. छिन्नमानस म्हणजेच स्किझोफ्रेनिया हा तिचा सर्वपरिचित प्रकार. तीव्र खिन्नतेत, उन्मादात आणि क्वचित बाळंतपणानंतरही चित्तविकृती उद्भवते. बाळंतिणीची चित्तविकृती हजार प्रसूतींमागे सुमारे एक ते दोन स्त्रियांत, बहुधा पहिल्या दोन-तीन आठवड्यांत दिसते. तिच्यावर तातडीने उपचार न केल्यास माता व बालक दोघांच्याही जिवाला धोका संभवतो.

पॅरिसमध्ये १९५२ साली झां दले व पिएर देनिकेर यांनी क्लोरप्रोमाझीन या औषधाचा मनोरुग्णांवरील गुण दाखविला. मेंदूतील डोपामीन या संदेशवाहक रसायनाचा प्रभाव रोखून अशी औषधे काम करतात, हे पुढे उलगडले. डोपामीनविषयीच्या मूलभूत संशोधनाबद्दल स्वीडनचे आर्विड कार्लसन यांना २००० साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. कोणती गोष्ट महत्त्वाची आणि कोणती दुर्लक्ष करण्याजोगी, हे मेंदूला सांगण्याच्या कामात डोपामीनचा सहभाग असतो. त्याचा जोर काही ठिकाणी अवाजवी वाढला, की शेजाऱ्याच्या साध्या खोकल्यातही रुग्णाला आपल्यासाठी संकेत दिसू लागतो.

ताणाच्या संप्रेरकांचा दुवा येथेच जुळतो. ताणाच्या वेळी मेंदूत डोपामीनचे उत्सर्जन वाढते आणि कॉर्टिसॉलवर्गीय द्रव्ये त्यात भर घालू शकतात, असे प्राण्यांवरील प्रयोगांत आढळले आहे. चित्तविकृतीचा पहिलाच झटका आलेल्या रुग्णांच्या तपासणीत, सरासरीने पाहता, कॉर्टिसॉलची दिवसभराची पातळी काहीशी वाढलेली असते. उलट सकाळी जाग येताच होणारी नेहमीची वाढ मात्र मंदावलेली असते. यंत्रणा सतत चालू राहिल्याने तिचा स्वाभाविक चढउतार बिघडल्याचे हे चिन्ह असावे. भास व भ्रमांसह येणाऱ्या तीव्र खिन्नतेत तर या यंत्रणेचा ताबा सुटल्याचे अधिक स्पष्टपणे दिसते.

एकच पाऊस, दोन बंधारे

मग एकाच घरातील दोन भाऊ सारखाच ताण सोसत असता एकालाच आजार का व्हावा? अमेरिकेतील जोसेफ झुबिन व बॉनी स्प्रिंग यांनी १९७७ साली मांडलेला विचार येथे उपयोगी पडतो. प्रत्येक माणसात अशा आजाराची प्रवणता कमी-अधिक असते आणि जीवनातील आघात तिला डिवचतात. प्रवणता मोठी असेल तर लहान आघात पुरतो. ती अल्प असेल तर मोठा आघातही माणूस पचवितो. एकाच शिवारात सारखाच पाऊस पडतो. पण ज्या बंधाऱ्याची माती आधीच भुसभुशीत आहे, तोच फुटतो. बंधारा फुटला म्हणून केवळ पावसाला दोष देणे जसे अपुरे, तसेच केवळ मातीला दोष देणेही अपुरेच. इलेन वॉकर व डोनाल्ड डिफोरिओ यांनी १९९७ साली याच विचाराला संप्रेरकांची जोड दिली. अधिवृक्क ग्रंथींची यंत्रणा डोपामीनवर परिणाम करून सुप्त प्रवणता प्रकट करते, असे त्यांचे प्रतिपादन आहे.

प्रवणतेत आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. आईवडिलांपैकी एकाला छिन्नमानस असेल तर अपत्याला तो होण्याची शक्यता सर्वसाधारण लोकांपेक्षा कितीतरी अधिक, म्हणजे शेकडा दहाच्या आसपास असते; याचाच अर्थ दहांपैकी नऊ अपत्यांना तो होत नाही. गर्भावस्थेतील कुपोषण, बालपणीचे अत्याचार, किशोरवयात गांजाचे व्यसन यांमुळेही धोका वाढतो.

आघाताची बाजू लंडनमध्ये जॉर्ज ब्राउन व जेम्स बर्ली यांनी १९६८ साली अभ्यासली. आजार उफाळण्यापूर्वीच्या तीन आठवड्यांत जवळजवळ निम्म्या रुग्णांच्या आयुष्यात काही मोठी घटना घडून गेली होती आणि ती घटना त्यांच्या आजारातून उद्भवलेली नव्हती. उरलेल्या निम्म्यांत मात्र अशी कोणतीही घटना सापडली नाही. ताण हे पुष्कळदा निमित्त असते, पण प्रत्येक वेळी नसते, हा या अभ्यासाचा बोध होय.

आणखी एक सावधगिरी आवश्यक आहे. भास व भीती हाच रुग्णाला मोठा ताण असतो; त्यामुळे वाढलेले कॉर्टिसॉल काही अंशी आजाराचे फळही असू शकते. कॉर्टिसॉलची रक्ततपासणी करून छिन्नमानसाचे निदान करता येत नाही. कॉर्टिसॉलचा परिणाम रोखणारे मिफेप्रिस्टोन हे औषध भास-भ्रमांसह येणाऱ्या खिन्नतेवर वापरून पाहण्यात आले, परंतु त्याचा निर्विवाद लाभ सिद्ध होऊ शकला नाही. म्हणून ‘ताणाचे हार्मोन उतरविणारा’ उपाय विकणाऱ्यांपासून लोकांनी सावध राहावे.

घरातील सूर

आजार आटोक्यात आल्यावर तो उलटू नये यासाठी घराचे वातावरण निर्णायक ठरते. लंडनमधील अभ्यासांच्या आधारे क्रिस्टीन वॉन व ज्युलियन लेफ यांनी १९७६ साली याचा आढावा सादर केला. ज्या घरांत रुग्णाला सतत टोचून बोलले जाई, त्याचा राग केला जाई किंवा त्याच्या प्रत्येक हालचालीत अतिरेकी लुडबूड होई, तेथे नऊ महिन्यांत सुमारे निम्म्या रुग्णांचा आजार उलटला. शांत घरांत हे प्रमाण सुमारे १३ टक्के होते. पुढे चंडीगड येथे डॉ. नरेंद्रनाथ विग व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशीच पाहणी केली. तिचे निष्कर्ष १९८७ साली प्रसिद्ध झाले. लंडनच्या मानाने तेथील कुटुंबांत टीकेचा व अतिरेकी गुंतवणुकीचा सूर कमी, आणि ग्रामीण कुटुंबांत तर तो फारच कमी आढळला. आपल्या कुटुंबपद्धतीतील ही मोठी जमेची बाजू आहे.

यावरून आईवडिलांनी, सासरच्यांनी अथवा पत्नीने आजार निर्माण केला, असा निष्कर्ष काढणे सर्वस्वी चूक ठरेल. घरातील सूर आजाराला जन्म देत नाही. मात्र जखम भरत असताना तिला धक्का लागू न देणे घरच्यांच्या हाती असते. रुग्णाची देखभाल करणारे स्वतःही ताणाखाली असतात. त्यांना विसावा आणि योग्य माहिती देणे, हाही उपचाराचाच भाग होय.

गावपातळीवर काय करता येईल

राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत करण्यात आले. तीव्र चित्तविकृतीच्या दर चार रुग्णांपैकी सुमारे तिघांपर्यंत उपचार पोहोचलेले नव्हते, असे त्यात दिसून आले. उपचारास जितका विलंब होतो, तितके रुग्णाचे सावरणे कठीण जाते. हा विलंब कमी करण्याचे काम गावातील जाणती मंडळीच करू शकतात.

शिक्षकांनी लक्षणे ओळखावीत. अभ्यासात अचानक घसरण, एकलकोंडेपणा, झोप उडणे, अकारण संशय, स्वतःशी बोलणे ही चिन्हे दोन-तीन आठवडे टिकली, तर पालकांना विश्वासात घेऊन विद्यार्थ्याला वैद्यकीय तपासणीसाठी नेण्यास सांगावे. त्याच्याशी भ्रमाविषयी वाद घालू नये आणि त्याची थट्टाही करू नये. ‘तुला भीती वाटते हे मला समजते’ एवढे म्हणणेही पुरेसे असते.

सांधेदुखी, दमा, त्वचेचे विकार यांवरील प्रेडनिसोलोन, डेक्सामेथासोन यांसारखी स्टिरॉइड औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नयेत. वजन वाढविण्यासाठी किंवा अंगदुखी चटकन थांबविण्यासाठी मिळणाऱ्या निनावी गोळ्या व पुड्यांत अशी द्रव्ये असू शकतात. या औषधानंतर झोप उडाली, बडबड वाढली किंवा भास होऊ लागले, तर तत्काळ डॉक्टरांना कळवावे. दीर्घकाळ घेतलेले स्टिरॉइड मनाने एकाएकी बंद करणे मात्र जिवावर बेतू शकते, कारण त्या काळात अधिवृक्क ग्रंथींचे स्वतःचे काम मंदावलेले असते.

रुग्णाला बांधून ठेवणे, मारणे, धुरी देणे असले अघोरी प्रकार गावात होऊ देऊ नयेत. भूत उतरविण्याच्या नावाखाली असे करणे महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार गुन्हा आहे. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २०१७ हा २९ मे २०१८ पासून अमलात आला असून, त्याने रुग्णाला साखळदंडाने बांधण्यास मनाई केली आहे आणि शासकीय व्यवस्थेत मानसिक उपचार मिळविण्याचा हक्क प्रत्येकास दिला आहे. मनोरुग्णाचा घरी छळ होत असल्यास किंवा त्याची हेळसांड होत असल्यास दंडाधिकाऱ्यांना कळविण्याची जबाबदारी या अधिनियमाने पोलीस ठाण्याच्या प्रमुखावर टाकली आहे. अशी बाब ग्रामपंचायत सदस्यांनी पोलिसांच्या निदर्शनास आणावी.

मदत कोठे मिळेल, हे ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहून ठेवावे. प्राथमिक आरोग्य केंद्रातून जिल्हा रुग्णालयाच्या मनोविकार विभागाकडे रुग्णाला पाठविता येते. राज्यात ठाणे, पुणे, नागपूर व रत्नागिरी येथे प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या टेली-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य सल्ला मिळतो.

आरंभी ज्या मुलाचा उल्लेख केला, त्याच्या घरी आता आपण काय सांगू? परीक्षेच्या ताणाने आजाराला निमित्त दिले असेल. पण तेवढ्याने तो झाला असे नव्हे. यात बापाचा धाक, आईचे लाड किंवा कोणाची दृष्ट यांचा शोध घेत बसण्याचे कारण नाही. ज्याप्रमाणे मधुमेहात स्वादुपिंडाचा तोल बिघडतो, त्याप्रमाणे येथे मेंदूच्या रसायनांचा तोल बिघडला आहे आणि त्यावर औषधे आहेत. ती वेळेवर सुरू करावीत, डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू नयेत. झोप, जेवण आणि घरातील बोलणे शांत ठेवावे. परीक्षा पुढच्या वर्षीही देता येईल. एवढा निरोप योग्य वेळी त्या घरी पोहोचविणे, हे आपल्यापैकी कोणालाही करता येण्याजोगे काम आहे.